बातमीदाराच्या जिवाचा खर्च

टूर्निके नावाची एक पट्टी असते. दोन बोटं रुंद, मुठीत मावेल एवढी, तिला एक छोटी दांडी जोडलेली. हाताची किंवा पायाची मोठी रक्तवाहिनी फाटली की जखमेच्या वरच्या अंगाला ही पट्टी बांधायची आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळत राहायची. जखमी माणूस कळवळतो, सोडा म्हणतो, तरी सोडायची नाही. मग ती किती वाजता बांधली हे तिच्यावरच लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या डॉक्टरला कळतं. अमेरिकेत ती तीसेक डॉलरला मिळते. बांधायला शिकायला एक दुपार पुरते.

२० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिस्राता शहरात उखळी तोफेचा मारा झाला आणि लढाईची छायाचित्रं घेणारे काही जण त्यात सापडले. ख्रिस हॉन्ड्रोस आणि टिम हेदरिंग्टन हे दोघे गेले. हेदरिंग्टनने सेबॅस्टियन युंगरबरोबर अफगाणिस्तानातल्या कोरंगल खोऱ्यातल्या अमेरिकन तुकडीवर ‘रेस्ट्रेपो’ हा माहितीपट केला होता. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी तो ऑस्करच्या नामांकनांत होता. मिस्रातात त्याच्या मांडीच्या वर लोखंडाचा तुकडा घुसला आणि इस्पितळाच्या वाटेवर त्याचं रक्त वाहून गेलं. त्याचा हात धरून बसलेला सहकारी गाडीत होता. युंगरला नंतर जाणकारांकडून कळलं की अशी जखम ताबडतोब दाबून धरता आली असती, तर त्याला आणखी थोडा वेळ मिळण्याची शक्यता होती. मित्राच्या मरणाबद्दल असं काही कळलं की माणसाची झोप जाते. युंगरने एप्रिल २०१२ मध्ये न्यूयॉर्कला पहिला वर्ग भरवला. संघर्षक्षेत्रात काम करणाऱ्या मुक्त पत्रकारांना प्रथमोपचार शिकवायचे, तेही फुकट, आणि जाताना प्रत्येकाच्या पिशवीत वैद्यकीय साहित्याचा एक संच घालायचा. या उपक्रमाचं नाव ‘रिस्क’. ‘सहकाऱ्यांना वाचवायला शिकलेले बातमीदार’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत.

या पुस्तिकेची प्रस्तावना या पट्टीपासून सुरू करावी असं मला वाटलं, कारण ‘पत्रकार सुरक्षा निधी’ हे शब्द ऐकले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो धनादेश, हार, मंत्र्यांच्या शेजारी उभं केलेलं कुटुंब आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकातला दोन कॉलमी फोटो. ती मदतही लागते, तिला नावं ठेवण्याचं मला कारण नाही. पण ती येते तेव्हा बातमीदार गेलेला असतो. पुढच्या पानांत ज्या निधींची माहिती माझ्या तरुण सहकाऱ्यांनी गोळा केली आहे, त्यांतले सगळ्यांत चांगले निधी एकच प्रश्न विचारतात : ती एक दुपार आणि ते तीस डॉलर कोण देणार?

पगारी बातमीदारासाठी हा खर्च त्याची संस्था करते, निदान करायला हवा. मोठ्या आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्था युद्धक्षेत्रात माणूस पाठवताना त्याला चार-पाच दिवसांचं धोक्याच्या प्रदेशातलं प्रशिक्षण देतात. तिथे खोट्या रक्ताने माखलेल्या माणसावर पट्टी बांधायची असते, सुरुंग पेरलेल्या शेतातून मागे कसं फिरायचं हे शिकायचं असतं, डोक्यावर पोतं टाकून अपहरणाची रंगीत तालीमही होते. माणशी त्याचे काही हजार डॉलर होतात. वर दहा-बारा किलोचं चिलखती जाकीट, शिरस्त्राण, युद्धाचा धोका धरून काढलेला विमा. आता एकेका छायाचित्रामागे पैसे घेणाऱ्या मुक्त छायाचित्रकाराचा हिशोब मांडून पाहा. महिन्याची कमाई प्रशिक्षणाच्या शुल्काइतकीही होत नाही. म्हणून तो तसाच जातो. आणि जगभर जे मारले जातात त्यांत परदेशातून आलेले नामांकित वार्ताहर थोडे असतात. बहुतेक जण स्थानिक असतात, ज्या गावावर बातमी लिहिली त्याच गावात संध्याकाळी भाजी आणायला जाणारे.

मुक्त पत्रकारांसाठीच्या निधींचा इतिहास पाहिला की जवळजवळ प्रत्येकाच्या मुळाशी एक मृत्यू आणि मागे राहिलेल्या मित्रांचा अपराधभाव सापडतो. रॉरी पेक हा ब्रिटिश मुक्त कॅमेरामन. ३ ऑक्टोबर १९९३ च्या रात्री मॉस्कोत ओस्तान्किनो टीव्ही केंद्राबाहेर येल्त्सिनचे सैनिक आणि संसदेचे समर्थक यांच्यात गोळीबार झाला. एका जर्मन वाहिनीसाठी चित्रण करताना रॉरी त्यात मारला गेला. मुक्त काम करणाऱ्याच्या मागे निवृत्तिवेतन नसतं, संस्था नसते, कुणी शोकसभा घ्यायची हेही ठरलेलं नसतं. त्याची पत्नी ज्यूलिएट आणि मित्रांनी १९९५ मध्ये लंडनला रॉरी पेक ट्रस्ट स्थापन केला. आज हा ट्रस्ट जगभरच्या मुक्त पत्रकारांना संकटकाळी छोटी अनुदानं देतो, प्रशिक्षणाच्या खर्चाला हातभार लावतो आणि मनावर झालेल्या घावांसाठी समुपदेशनाचे पैसेही देतो.

हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरोघर जाऊन वर्षानुवर्षं बातम्या केलेले बातमीदार मी जवळून पाहिले आहेत. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा त्या चिखलात दिवसच्या दिवस उभे राहिलेले आपल्यातच आहेत. त्यांना झोप लागते का, असं कुणी विचारलं नाही. त्यासाठी पैसे ठेवायचे असतात, हेच आपल्या माहितीत नव्हतं.

जेम्स फोली या अमेरिकन मुक्त पत्रकाराची गोष्ट इथे सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते आजच्या सुरक्षा निधींची सगळी घडण तिच्यात दिसते. एप्रिल २०११ मध्ये, म्हणजे मिस्रातातल्या त्या घटनेच्या पंधरा दिवस आधी, फोली आणि आणखी दोन पत्रकार लिबियात ब्रेगा शहराजवळ गद्दाफीच्या सैनिकांच्या हाती सापडले. त्यांच्याबरोबर अँटन हॅमर्ल हा दक्षिण आफ्रिकेचा मुक्त छायाचित्रकारही होता. गोळीबारात हॅमर्ल पडला आणि सैनिकांनी बाकीच्यांना उचलून नेलं. पुढचे सहा आठवडे लिबियाच्या सरकारने हॅमर्लच्या घरच्यांना तो जिवंत असल्याच्या आशेवर ठेवलं. मे महिन्यात इतरांची सुटका झाली तेव्हा खरी हकिकत कळली. फोली अमेरिकेत घरी परतला आणि त्याने सर्वांत आधी हाती घेतलेल्या कामांपैकी एक म्हणजे हॅमर्लच्या तीन मुलांसाठी पैसे उभे करणं. मित्रांनी जगातल्या नावाजलेल्या छायाचित्रकारांकडून चित्रं मागून घेतली आणि मे २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीज या लिलावगृहात त्यांचा लिलाव झाला. त्यानंतर सहा महिन्यांनी, २२ नोव्हेंबर २०१२ रोजी, फोलीचं वायव्य सीरियात अपहरण झालं. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने त्याचा शिरच्छेद केला आणि त्याची चित्रफीत जगाला दाखवली. दोन आठवड्यांनी स्टीव्हन सॉटलॉफचाही. दोघेही मुक्त पत्रकार.

मित्राच्या पोरांसाठी चित्रं गोळा करत फिरणारा तो माणूस मला वारंवार आठवतो. आपल्यालाही उद्या अशा निधीची गरज पडेल हे त्याला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. तुरुंगातून आलेल्या माणसाला ते ठाऊक असतंच. तरीही तो पुन्हा गेला.

फोलीनंतर वृत्तसंस्थांना आपल्या व्यवहाराकडे पाहावं लागलं. फ्रान्सच्या एएफपी या वृत्तसंस्थेने सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर केलं की सीरियाच्या ज्या भागात आम्ही आमची माणसं पाठवत नाही, तिथून कुणी मुक्त पत्रकार आपणहून छायाचित्रं घेऊन आला तर ती आम्ही घेणार नाही. हा निर्णय अनेक मुक्त पत्रकारांना कडू वाटला, कारण त्यांची रोजीच त्यावर होती. मला तो योग्य वाटतो. जिथे स्वतःचं माणूस पाठवायची हिंमत नाही तिथली बातमी दुसऱ्याच्या जिवावर विकत घ्यायची, हा व्यवहार बंद व्हायलाच हवा होता. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये वृत्तसंस्था आणि पत्रकारांच्या संघटनांनी मिळून मुक्त पत्रकारांच्या सुरक्षेची तत्त्वं जाहीर केली. मुक्त पत्रकाराने प्रथमोपचार शिकून, विमा काढून, धोक्याचा अंदाज कागदावर लिहून निघावं. काम देणाऱ्याने त्याची काळजी आपल्या नोकरदारासारखीच घ्यावी आणि त्याचे पैसे वेळेवर द्यावेत. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थांच्या जाळ्याचं नाव ‘एकॉस अलायन्स’, म्हणजे सुरक्षेची संस्कृती रुजवण्यासाठीची आघाडी.

‘पैसे वेळेवर द्यावेत’ हे वाक्य सुरक्षेच्या तत्त्वांत आलं याचं काहींना नवल वाटेल. ज्याचं तीन महिन्यांचं मानधन अडकलं आहे तो रात्रीच्या मुक्कामाचे पैसे वाचवण्यासाठी अंधारात मोटारसायकल काढतो. अपघाताची आणि हल्ल्याचीही सुरुवात तिथे होते.

आता हे निधी प्रत्यक्षात चालतात कसे, ते थोडं सांगतो, पण आधी माझा एक जुना अनुभव. अनेक वर्षांपूर्वी मी एका जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो. आमचा एक तालुका प्रतिनिधी नदीतून रात्री उपसल्या जाणाऱ्या वाळूच्या बातम्या देत असे. एके दिवशी त्याची दुचाकी जळाली आणि घरी निरोप आला. आम्ही पुढच्या बातमीतून त्याचं नाव काढलं आणि ‘आमच्या वार्ताहराकडून’ असं छापलं. तेवढं संरक्षण आम्हाला सुचलं. तालुक्यात वाळूवर लिहिणारा एकच माणूस आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तेव्हा त्या चार शब्दांमागे तो लपणार तरी कसा? त्याने फोनवर एवढंच विचारलं, “साहेब, बायको-पोरांना घेऊन पंधरा दिवस दुसरीकडे राहता आलं तर बरं होईल. काही सोय होईल का?” वर विचारणा झाली. त्याला मानधन आणि जाहिरातीचं कमिशन होतं, तो पटावर नव्हता, त्यामुळे सोय बसत नव्हती. डेस्कवरच्या चौघांनी खिशातून पैसे काढले, एसटीचं भाडं आणि एका नातेवाइकाच्या गावात खोलीचं भाडं निघालं. पंधरा दिवसांत वातावरण निवळलं, तो परत आला.

अशा मदतीला जगात नाव आहे, नियम आहेत, तिच्यासाठी खास पैसे बाजूला काढून ठेवलेले असतात, हे मला खूप उशिरा समजलं. न्यूयॉर्कची ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नालिस्ट्स’, पॅरिसची ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’, नेदरलँड्सची ‘फ्री प्रेस अनलिमिटेड’, स्त्री पत्रकारांसाठीचं ‘इंटरनॅशनल विमेन्स मीडिया फाउंडेशन’, या सगळ्यांचे तातडीचे निधी मुख्यतः हेच करतात. काही दिवस किंवा महिने सुरक्षित जागी हलवणं, इस्पितळाचं बिल, मोडलेला किंवा जप्त झालेला कॅमेरा, वकिलाची फी, तुरुंगातल्या पत्रकाराच्या घरचा किराणा. रकमा मोठ्या नसतात. अर्ज येतो, मग पडताळणी होते. हा माणूस खरोखर पत्रकार आहे का, धोका त्याच्या बातमीमुळेच आला आहे का, त्याला ओळखणारे दोन विश्वासू लोक कोण. एकाच माणसाला चार ठिकाणी अर्ज करत फिरावं लागू नये आणि तेच पैसे दोनदा जाऊ नयेत म्हणून या संस्था एकमेकींना कळवत राहतात. नाव मात्र कुठेही छापत नाहीत. मदत मिळाल्याचं कळणं हाच काही देशांत नवा धोका असतो.

यातली खरी कसोटी वेग आणि शहानिशा यांच्या ओढाताणीत आहे. शहानिशा केली नाही तर पैसे भलत्याच्या हाती जातात आणि देणगीदार दार लावून घेतो. फार केली तर पैसे पोहोचेपर्यंत माणूस राहत नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती गेलं तेव्हा हजारो अर्ज एकदम आले, बँका बंद होत्या आणि विमानतळाच्या फाटकाबाहेर गर्दीत उभ्या असलेल्या माणसाकडून कागदपत्रं मागायची होती. त्या दिवसांत ज्यांनी ज्यांनी ते काम केलं त्यांना माझा नमस्कार आहे.

सरकारने चालवलेले निधी ही वेगळी जात. इथे मेक्सिकोचं उदाहरण अभ्यासण्याजोगं आहे. २०१२ मध्ये तिथल्या संसदेने मानवी हक्क कार्यकर्ते आणि पत्रकार यांच्या संरक्षणाचा कायदा केला. धोक्यात असलेल्या पत्रकाराला संकटाचं बटण, घराला कॅमेरे, अंगरक्षक किंवा दुसऱ्या शहरात निवारा देणारी यंत्रणा उभी राहिली आणि तिच्यासाठी स्वतंत्र न्यासनिधी ठेवला गेला. कागदावर याहून चांगली योजना क्वचितच सापडेल. पण ऑक्टोबर २०२० मध्ये एका फटक्यात १०९ सरकारी न्यासनिधी बंद करण्याचा निर्णय झाला, त्यात हाही गेला. पैसा पुन्हा वार्षिक अर्थसंकल्पाच्या भरवशावर आला. तिहुआना शहरातल्या लुर्देस माल्दोनादो यांनी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्रकार परिषदेत उभं राहून आपल्या जिवाला धोका आहे असं सांगितलं होतं. पुढे त्या आपल्या राज्याच्या संरक्षण योजनेत होत्या. २३ जानेवारी २०२२ रोजी घरासमोर, स्वतःच्या गाडीत, त्यांना गोळी घातली गेली. त्याच्या सहा दिवस आधी त्याच शहरात छायाचित्रकार मार्गारितो मार्तिनेस मारला गेला होता.

बटण दाबल्यावर येणारा पोलीसच गुन्हेगारांच्या पगारावर असेल तर बटणाचा उपयोग काय, हा मेक्सिकोच्या पत्रकारांचा जुना प्रश्न आहे. कोलंबियात त्याची दुसरी बाजू दिसली. तिथे सरकार धोक्यातल्या पत्रकारांना चिलखती गाड्या देतं. २०२१ मध्ये क्लॉदिया हुलिएता दुके या शोधपत्रकार महिलेच्या लक्षात आलं की तिच्या संरक्षणासाठी दिलेल्या गाडीतलं जीपीएस यंत्र तिच्या परवानगीशिवाय तिच्या हालचाली टिपत आहे. हिचाच छळ पूर्वी त्या देशाच्या गुप्तचर खात्याने केला होता. सरकारचा पैसा पुरेसा असतो, पण त्याच्याबरोबर सरकारची नजरही येते.

मग परदेशी देणगीदार? त्यांच्यावरही फार विसंबता येत नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये कळलं. अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी पदग्रहणाच्या दिवशीच परदेशी मदत थांबवण्याच्या आदेशावर सही केली. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या माहितीप्रमाणे त्या वर्षासाठी जगभरातल्या स्वतंत्र माध्यमांना आधार म्हणून २६ कोटी ८० लाख डॉलर मंजूर झालेले होते. युक्रेनपासून म्यानमारपर्यंत अनेक छोट्या वृत्तसंस्थांचा पाया एका आठवड्यात हलला. देशोधडीला लागून काम करणाऱ्या संपादकांनी घरभाडं कुठून द्यायचं, असा तो प्रश्न होता.

भारतातल्या वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी आणि ती मी इथे ठळकपणे सांगतो. आपल्या २०१० च्या परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याने, ज्याला आपण एफसीआरए म्हणतो, नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक आणि प्रकाशक यांना परदेशी देणगी घ्यायला मनाई केली आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून बातम्या देणाऱ्या कंपन्या आणि त्यांच्या वार्ताहरांनाही ती लागू आहे. पगार, कामाचा मोबदला, शिष्यवृत्ती असे काही अपवाद कायद्यात आहेत. पण आपलं प्रकरण त्यात बसतं की नाही, हे वकिलाला विचारल्याशिवाय कुणीही ठरवू नये. परदेशातल्या एखाद्या निधीचा अर्ज चांगल्या मनाने भरायचा आणि धमकी देणाऱ्याच्या हातात आयतं हत्यार द्यायचं, असं होऊ नये. या पुस्तिकेत परदेशी निधींची माहिती दिली आहे ती त्यांची रीत समजावी म्हणून.

आपल्या घरची रीत काय आहे? ११ जून २०११ रोजी मुंबईत पवईला पत्रकार ज्योतिर्मय डे यांना गोळ्या घातल्या गेल्या. मिस्रातानंतर दोन महिनेही झाले नव्हते. मुंबईची सगळी पत्रकारिता रस्त्यावर आली आणि पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायद्याची जुनी मागणी पेटून उठली. २०१७ मध्ये विधिमंडळाने तो कायदा मंजूर केला. पत्रकारावर हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड, आणि नुकसानभरपाई व उपचाराचा खर्च हल्लेखोराकडून वसूल. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य आणि त्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या संघटनांचं मोल मी जाणतो. पण त्याची यंत्रणा हल्ला झाल्यावर हलते. शंकरराव चव्हाण सुवर्णमहोत्सवी पत्रकार कल्याण निधी आजारपणात आणि मृत्यूनंतर मदत करतो, बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाची योजना ज्येष्ठ पत्रकारांना म्हातारपणी हातभार लावते. हे सगळं कल्याण झालं. धमकी आली आणि हल्ला व्हायचा आहे, या मधल्या पंधरा दिवसांसाठी आपल्याकडे काहीच नाही.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरला महामार्गावर दुचाकीवरून जाणाऱ्या शशिकांत वारिशे यांना एका मोटारीने चिरडलं. बारसूच्या नियोजित रिफायनरीवर ते ‘महानगरी टाइम्स’मध्ये लिहीत होते. ज्याच्याविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, तोच गाडी चालवत होता असा आरोप आहे. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या इस्पितळात वारिशे गेले. सरकारने कुटुंबाला २५ लाखांची मदत जाहीर केली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री छत्तीसगडमधल्या विजापूरला मुकेश चंद्राकर बेपत्ता झाला. नक्षलवाद्यांनी पकडलेल्या जवानाच्या सुटकेसाठी जंगलात गेलेला, ‘बस्तर जंक्शन’ नावाची यूट्यूब वाहिनी चालवणारा तरुण पत्रकार. रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी केल्यानंतर त्याचा मृतदेह ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. तो भाग आपल्या गडचिरोलीला लागून आहे.

या दोघांना आधी काय देता आलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. जो गाडी अंगावर घालतो त्याला टूर्निकेने थांबवता येत नाही, हे खरं आहे. पण ज्याच्यावर बातमी छापून येते आहे त्याच दिवशी त्या रस्त्याने एकट्याने जाऊ नकोस, असं सांगणारं कुणी, दोन दिवस रत्नागिरीला राहा आणि खोलीचे पैसे आम्ही देतो असं म्हणणारं कुणी, पोलीस अधीक्षकांना त्याच्या वतीने लेखी अर्ज देणारं कुणी असतं तर? या तिन्ही गोष्टींचा एकूण खर्च काही हजार रुपये आहे.

म्हणून मला ब्रसेल्सच्या आंतरराष्ट्रीय पत्रकार महासंघाचा निधी सर्वांत जवळचा वाटतो. महासंघ १९२६ चा, त्याचा सुरक्षा निधी १९९२ पासूनचा. तो पत्रकारांच्याच संघटनांनी दिलेल्या पैशांवर उभा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्गणी. गणपतीची वर्गणी, भिशी, पतपेढी यांचा हिशोब ठेवणं आपल्याला कुणी शिकवायला नको. करोनाच्या दुसऱ्या लाटेत बातमीदार पटापट जात होते तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर, पाचशे-हजार करत, आपणच पैसे उभे केले होते. फक्त तेही नंतरचे होते. जिल्हा पत्रकार संघाने दरसाल सभासदांकडून थोडी रक्कम घेतली, ती वेगळ्या खात्यात ठेवली, तीन जणांची समिती नेमली आणि चोवीस तासांत निर्णय घ्यायचा असा नियम केला, तर एफसीआरएचाही प्रश्न येत नाही आणि मंत्रालयाच्या पायऱ्याही चढाव्या लागत नाहीत. त्यातूनच वर्षातून एकदा जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना बोलावून प्रथमोपचाराचा वर्ग घेता येईल. एक अट मी आग्रहाने घालीन. अधिस्वीकृती पत्रिका असलेल्यांपुरता हा निधी ठेवू नये. सर्वांत जास्त धोक्यात तोच असतो ज्याच्याकडे ती पत्रिका नाही, जो मोबाइलवर बातमी करतो आणि ज्याला तालुक्यातले मोठे लोक पत्रकार मानायलाच तयार नसतात. स्त्री बातमीदारांना येणाऱ्या धमक्यांचा बाज निराळा असतो, त्या घरी सांगितल्या तर नोकरीच बंद होण्याची भीती असते. तेव्हा तीन जणांच्या समितीत एक स्त्री हवीच.

पैशाने काय होत नाही हेही मी जाणतो. कमिटी टू प्रोटेक्ट जर्नालिस्ट्सने २०२४ मध्ये मारल्या गेलेल्या १२४ पत्रकार आणि माध्यमकर्मींची नोंद केली. त्यांतले ८५ इस्रायल-गाझा युद्धात गेले. त्यांतल्या अनेकांनी ‘प्रेस’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली जाकिटं वापरली होती. पत्रकारांच्या खुनांपैकी ८५ टक्के प्रकरणांत अजून न्याय झालेला नाही, असं युनेस्कोने त्याच वर्षी सांगितलं. मारणाऱ्याला शिक्षेची भीती नसेल तर चिलखत तोकडंच पडतं, आणि ती भीती न्यायालयांनी घालायची आहे, निधींनी नाही. तरीही गाझातल्या तंबूत बसून बातमी पाठवणाऱ्याला पीठ आणि बॅटरी पोहोचवणारे लोक आहेत. त्या पिठाने युद्ध थांबत नाही, पण दुसऱ्या दिवशीची बातमी येते.

ज्यांनी ही पुस्तिका तयार केली त्यांनी मला प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा मी एकच सूचना केली होती आणि ती त्यांनी मानली. शेवटचं पान कोरं ठेवलं आहे. तिथे चार ओळी आखल्या आहेत : रक्तगट, घरातल्या एका माणसाचा फोन, ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे अशा एका सहकाऱ्याचा फोन, आणि आज कुठे जातो आहे व किती वाजता परत येणार. शेवटची ओळ पेन्सिलीने लिहायची, म्हणजे रोज खोडता येते. त्या पानाचं छायाचित्र काढून निघण्याआधी त्या सहकाऱ्याला पाठवायचं, आणि सांगितलेल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर त्याने अर्धा तास थांबून शोध सुरू करायचा.